भीती वाटते असंच सांगायचं

कॉमन रूममध्ये वायरमन आला आणि भिंतीला पार खाली, जमिनीजवळ, ओळीनं भोकं पाडायला लागला, तेव्हाच वकील म्हणाली, "कॅमेरे."

वकील म्हणजे माझी रूममेट. कायद्याशी तिचा काडीचा संबंध नाही, आम्ही दोघी कॉम्प्युटरच्याच शेवटच्या वर्षाला. पण तिला 'मीठ दे' म्हटलं तरी ती आधी 'का?' विचारते, म्हणून पहिल्या वर्षापासून ती वकील. आणि मी लवंगी. लवंगी मिरचीतली. ते नाव का पडलं ते सांगत बसत नाही.

"अगं, गुडघ्याच्या खाली कॅमेरे कोण बसवतं? काकूंना काय आपल्या चपला बघायच्यात?" मी म्हटलं.

"तिथून वायर वर नेतील. तू ना, फार भोळी आहेस."

मला भोळी म्हणणारी जगात ही एकटीच. पण खरं सांगते, तिनं म्हटल्यावर मीही ती भोकं नीट निरखून बघायला लागले. वायरमन काम करत होता आणि काकू कमरेवर हात ठेवून त्याच्यामागे उभ्या होत्या. आम्ही दारात दिसल्याबरोबर त्यांनी दार लोटून घेतलं. सरळ मनाचा माणूस वायरमनसाठी दार कशाला लावेल?

काकू म्हणजे आमच्या होस्टेलच्या रेक्टर. कुणाच्याच सख्ख्या काकू नाहीत, पण आवाज असा की समोर आलं की आपोआप 'काकू' तोंडात येतं आणि नजर खाली जाते. त्यांचा नियम एकच. सातला गेट बंद. मुलांच्या होस्टेलला गेट आहे की नाही हे त्या मुलांनाही ठाऊक नसेल. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब नऊपर्यंत उघडी असायची, आणि दिवसा प्रॅक्टिकलला एका मशीनवर चार-पाच डोकी. म्हणजे खरं काम करायचं तर सातनंतरच. मग मुलींनी करायचं काय?

मुलींनी लायब्ररीचा पास काढायचा. वाचनाला काकूंची ना नव्हती. लायब्ररी लॅबच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. तेव्हा काखेत एक जाडजूड पुस्तक मारायचं, काकूंकडून पासवर सही घ्यायची, लायब्ररीच्या दारापर्यंत शहाण्या मुलीसारखं जायचं आणि तिथून जिना चढून थेट लॅब. सगळ्या मुली हेच करायच्या. माझ्या काखेतलं पुस्तक वर्षभर तेच होतं. आत काय आहे ते विचारू नका, मी उघडलेलंच नाही.

'लॅबचा पास द्या' असं सरळ का मागितलं नाही? तर आमच्या पुढच्या एका वर्गातली ताई. ती लॅबमध्ये बसून दुसऱ्या कॉलेजातल्या कुठल्याशा मुलाशी टाइप करून गप्पा मारायची. कुणीतरी चुगली केली, तिचे वडील आले आणि परीक्षा तोंडावर असताना तिला ट्रंकेसकट घेऊन गेले. तिच्या लॉगिनची नोंद ऑफिसातून काकूंकडे गेली असं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून एकही मुलगी स्वतःच्या लॉगिननं कॉम्प्युटर उघडत नसे. मुलांची लॉगिनं वापरायची. त्यांनी पासवर्ड द्यायचा, आपण त्यांची असाइनमेंट करून द्यायची. व्यवहार चोख. या वर्षी सगळ्यांना नवी लॉगिनं मिळाली, तर माझं मी एकदाही उघडलं नाही.

मी वापरायचे साहेबाचं. साहेब म्हणजे प्रोजेक्टमधला माझा पार्टनर. वर्गात मुली मुलींबरोबर आणि मुलं मुलांबरोबर, पण दोन्हीकडे आकडा विषम, म्हणून उरलेल्या आम्हा दोघांची जोडी. त्याला साहेब म्हणतात कारण तो काम सांगतो फार छान. आमचं प्रोजेक्ट होतं कॉलेजचं वेळापत्रक बनवणारा प्रोग्राम, म्हणजे एका सरांना एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवायचं नाही, एका खोलीत दोन तास कोंबायचे नाहीत, आणि हे सगळं मशीननं जुळवायचं. साहेब एका बोटानं टाइप करतो. प्रोग्राम माझा. तो शेजारी बसून मान डोलवायचा आणि मधूनच म्हणायचा, "हे जरा स्मार्ट दिसायला पाहिजे."

पण जिन्यावर बूट वाजले की मीच टुणकन उठायचे, बाजूच्या स्टुलावर बसायचे आणि पुस्तक उघडायचे. साहेब कीबोर्डवर. प्रोजेक्टचे सर फेरी मारून जायचे. त्यांनी वर्षभर काय पाहिलं? कीबोर्डवर तो आणि स्टुलावर मी.

आणि सर एका कंपनीला दर जोडीमागे एकच नाव कळवणार होते. नाव गेलं की मुलाखत, मुलाखत झाली की नोकरी जवळजवळ पक्की. बाबांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "नोकरी लागली तर राहा तिकडे. नाही तर घरी ये, दादाच्या दुकानात बस. मदत लागतेच आहे त्याला." दादाचं दुकान म्हणजे दिवसभर नळाचे पाइप आणि तोट्या मोजणं. मला ते नाव पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं मला.

वायरमन गेला आणि सर्वेवाल्या मॅडम आल्या.

नोटीस लागली की बाहेरच्या एक संशोधक मॅडम अभ्यास करणार आहेत. कॉलेजच्या मुलामुलींनी कॉम्प्युटरला किती आपलंसं केलंय, आणि मुलांत-मुलींत त्याबाबत काय फरक आहे. प्रत्येकाशी वेगळं बोलणार. स्टाफरूमच्या शेजारच्या खोलीत.

"मुलांत-मुलींत फरक," वकील म्हणाली. "ऐकलंस? आणि काल या बाई कुठे होत्या माहितेय? काकूंच्या खोलीत. तासभर. चहा आत गेला, परत आतच गेला, मग हसण्याचा आवाज आला."

"काकू हसल्या?"

"हसल्या! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

इथे मात्र मीही उठून बसले. चार वर्षांत काकूंना हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

पहिल्या बॅचच्या मुली बोलून आल्या. त्यांना आम्ही घेरलंच. काय विचारतात? तर म्हणे, कॉम्प्युटर आवडतो का, भीती वाटते का, आणि संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर किती वेळ बसता.

"संध्याकाळी!" वकिलीनं टाळीच वाजवली. "संध्याकाळचं यांना काय करायचंय? आवडीनिवडीचा अभ्यास आहे ना, मग घड्याळ कशाला बघतायत? अगं, जाळं आहे हे. तुम्ही म्हणणार दोन तास बसते, त्या काकूंना सांगणार, काकू विचारणार कुठल्या पासवर. संपलं. पास बंद, वर घरी फोन."

मग जेवणाच्या हॉलमध्ये कुजबुजत ठरलं. सगळ्यांनी एकच सांगायचं. कॉम्प्युटरची भीती वाटते. हात लावायला नको वाटतं. डोळे दुखतात. प्रॅक्टिकलपुरतं कसंबसं करतो. संध्याकाळी? छे, संध्याकाळी आम्ही लायब्ररीत असतो. पहिल्या वर्षाची एक पोरगी म्हणाली, "पण मला खरंच आवडतो हो ताई." वकिलीनं तिच्याकडे असं बघितलं की बिचारी पाणी प्यायला निघून गेली.

मला हे पटलं होतं का? निम्मं. पण माझं प्रोजेक्ट शेवटच्या टप्प्यात होतं. आता पास गेला असता तर मी मेलेच होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझी पाळी आली. मॅडम दिसायला साध्या होत्या, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसांना मी आधीच जरा जपून असते. त्यांच्यासमोर लॅपटॉप होता, त्यात त्या आमची उत्तरं थेट टाइप करत होत्या.

"नाव कुठेही येणार नाही हं," त्या म्हणाल्या. "मोकळेपणानं बोल."

मोकळेपणानं बोल म्हणणाऱ्या माणसासमोर कोण मोकळेपणानं बोलतं?

"कॉम्प्युटरवर काम करायला कसं वाटतं?"

"भीती वाटते," मी म्हटलं. आवाज बारीक काढला. मला बारीक आवाज काढता येतो हे मला त्याच दिवशी कळलं.

"कसली भीती?"

"बिघडेल असं वाटतं."

"प्रोजेक्टवर तर तुम्हाला काम करावंच लागत असेल?"

"पार्टनरच करतो सगळं. मी फाइल सजवते. शीर्षकं वगैरे, रंगीत पेनानं."

त्यांनी ते टाइप करायला घेतलं आणि लॅपटॉप अडकला. काही दाबलं तरी ढिम्म. एक छोटी चौकट मोठ्या चौकटीच्या मागे दडली होती, तिचा कोपरा मला माझ्या जागेवरून स्पष्ट दिसत होता. तिला हो म्हटल्याशिवाय पुढचं काही हलणार नाही. नुसतं एंटर दाबायचं. एक बोट. मॅडम माउस इकडेतिकडे फिरवत होत्या, आणि मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून त्यावर बसले होते. हसू नका. खरंच बसले होते.

"अरे देवा, सकाळपासूनच्या मुलाखती आहेत यात," मॅडम म्हणाल्या. मग दाराबाहेर बघून म्हणाल्या, "कुणी आहे का रे तिथं?"

बाहेर आमचे साहेब. मुलांतली पहिली पाळी त्याचीच. तो आला, पँट वर ओढली, लॅपटॉपकडे डॉक्टरसारखं बघितलं.

"व्हायरस," म्हणाला.

आणि पॉवरचं बटण दाबून धरलं. माझ्या तोंडातून "अरे गाढवा" बाहेर पडता पडता राहिलं. मी ओठ चावला, चांगलं रक्त येईपर्यंत. लॅपटॉप बंद झाला, परत चालू झाला. सकाळच्या मुलाखतींतल्या निम्म्या गेल्या होत्या, पण मशीन चालत होतं, म्हणून मॅडम त्याला म्हणाल्या, "थँक यू. बरं झालं तू होतास." मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाल्या, "बघ, मुलं कशी बिनधास्त हात घालतात. बिघडत नाही ग काही. घाबरू नये एवढं."

"हो मॅडम," मी म्हटलं.

मी बाहेर पडले आणि दाराशी चप्पल शोधायचं नाटक करत थांबले. आतून साहेबाचा आवाज आला, "रोज संध्याकाळी दोन तास तरी बसतो मी. तुम्ही लॉगिनची नोंद बघा हवं तर." मॅडम म्हणाल्या की नोंद त्या बघणारच आहेत. ते माझे तास होते. त्याच्या नावावरचे माझे तास. रागानं माझे कान तापले, पण करणार काय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वकिलीला सांगितलं तर ती म्हणाली, "उत्तम. म्हणजे नोंदीत तू कुठेच नाहीस." खूश होती ती.

मग हॉलमध्ये अहवालाचा कार्यक्रम झाला. प्राचार्य, सगळे सर, पहिल्या रांगेत काकू. डावीकडे मुलं, उजवीकडे आम्ही. मॅडमनी पडद्यावर खांब दाखवले. मुलांचा खांब उंच, मुलींचा बुटका. आवड, मुलांचा उंच. आत्मविश्वास, उंच. संध्याकाळचा वापर, मुलांचा छताला टेकायला आलेला आणि मुलींचा जवळजवळ नाहीच. मुलं शिट्ट्या मारायला लागली. वकील माझ्या कानात म्हणाली, "वाचलो."

आणि मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य आलं. 'भीती वाटते. पार्टनरच करतो सगळं. मी फाइल सजवते. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.'

हॉल हसला. नाव नव्हतं, मॅडमनी शब्द पाळला होता. पण शेवटच्या वर्षात 'करतो' असा पार्टनर असलेली मुलगी कॉलेजात एकच होती. प्रोजेक्टचे सर सावकाश वळले. आधी त्यांनी साहेबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली, म्हणजे आपल्याला हे माहीतच होतं अशी. त्या मान हलवण्यातच माझं नाव यादीतून गळलं, हे मला बसल्या जागी कळलं.

अजून प्राचार्य बोलायचे होते. ते उठले आणि म्हणाले, "रेक्टर मॅडम वर्षभर माझ्या मागे लागल्या होत्या की मुलींना अंधाराचं लॅबपर्यंत जायला लागू नये, त्यांच्या होस्टेलमध्येच कॉम्प्युटर द्या. त्यांच्या आग्रहावरूनच हा अभ्यास करून घेतला. दहा मशीन आलीही आहेत. मॅडमनी तर कॉमन रूममध्ये वायरिंगसुद्धा करून घेतलं. पण आता आकडेच सांगतायत की गरज कुठे आहे. ती मशीन आपण मुलांच्या होस्टेलला देत आहोत."

मुलांकडून टाळ्या. मी काकूंकडे पाहिलं. त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती इतकी ताठ होती की मला बघवेना.

जमिनीजवळची भोकं! अगं वकिले, कॅमेरे म्हणे!

मी उठून उभी राहिले. वकिलीनं माझा कुर्ता ओढला, मी तिचा हात झटकला.

"सर, ते वाक्य माझं आहे," मी म्हटलं. "आणि ते खोटं आहे. प्रोग्राम मी लिहिलाय. सगळा."

एकदम गलका झाला. प्रोजेक्टच्या सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "खोटं तेव्हा बोललीस की आत्ता बोलतेयस?"

मी म्हटलं, "तेव्हा."

"का?"

आता 'का'चं उत्तर दिलं तर सगळ्या मुलींचे पास गेले. मी गप्प राहिले, आणि गप्प राहणारा माणूस चोर दिसतो. सर साहेबाकडे वळले. "तू सांग रे."

साहेब उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. म्हणाला, "सर, दोघांनी मिळून केलंय."

काय सुंदर बोलला! सगळ्यांना वाटलं, किती मोठ्या मनाचा मुलगा, बिचारीला सांभाळून घेतोय. मागून कुणी टाळीसुद्धा वाजवली. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

"मिळून ना? मग चला वर," सर म्हणाले. "दोघांनीही करून दाखवा."

निम्मा हॉल आमच्यामागे लॅबमध्ये आला. सरांनी काम सांगितलं. "मला बुधवारचा पहिला तास नको आहे. तो हलवा. पण कुणाचा तास कुणावर चढता कामा नये."

आधी साहेब बसला. प्रोग्राम उघडला, वर गेला, खाली आला, परत वर गेला. "सर, जरा डेटा बघावा लागेल," म्हणाला. सर म्हणाले, "बघ ना." तो बघत राहिला. शेवटी सरच म्हणाले, "ऊठ."

मी बसले. "स्वतःच्या लॉगिननं," सर म्हणाले. वर्षाच्या सुरुवातीला मिळालेला आकडा आठवून टाकला. पडद्यावर आलं, 'आपण प्रथमच प्रवेश करत आहात. कृपया नवीन पासवर्ड द्या.'

मुलं खो खो हसली. "वर्षभर काम करत होतीस ना?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आता कीवसुद्धा नव्हती.

मी नवा पासवर्ड दिला. मग साहेबाच्या लॉगिनमध्ये शिरले, त्याला न विचारता, त्याचा पासवर्ड टाकून. हात आपोआप चालला, बघावंही लागलं नाही. तिथून प्रोग्राम माझ्याकडे घेतला. मागचं हसणं जरा पातळ झालं.

मग मला ऐकू येणं बंद झालं. बुधवारचा तास काढला तर तो शुक्रवारी जात होता, पण शुक्रवारी त्या खोलीत दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. नियम बदलून चालणार नव्हतं, क्रम बदलायला हवा होता. कुठे बदलायचा ते मला माहीत होतं, कारण तिथे मी एकदा आठवडाभर रडत बसले होते. बदललं. चालवलं. वेळापत्रक पडद्यावर आलं. सरांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि एकेक रकाना तपासला. चूक निघाली नाही.

"हं," ते म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "नाव तुझं कळवतो. पण इतकं सफाईनं खोटं बोलणाऱ्या पोरीचं नाव देतोय, हे माझ्या लक्षात राहील."

राहू दे. मला नाव मिळालं होतं. मी हात परत मांडीखाली घातले.

सर्वेवाल्या मॅडम मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. त्या सरळ माझ्यासमोर आल्या. "आणखी किती जणी खोटं बोलल्या? कारण तू एकटीच असलीस, तर एका उत्तरानं खांब हलत नाही. पण सगळ्याच असतील तर अहवाल मागे घेते. मशीन अजून खालीच आहेत."

प्राचार्य म्हणाले, "सांगा, आत्ता सांगा. नंतर नको."

आमच्या मुली दाराशी घोळक्यानं उभ्या होत्या. काकू त्यांच्या मागे. सगळ्यांची नजर चोरून काकूंकडे. ते काकूंनाही दिसलं.

"अगं, बोला की," काकू म्हणाल्या. "एकच पुस्तक वर्षभर काखेत घेऊन फिरता, ते मला दिसत नाही? सही कोण करतं पासवर? मी ओरडणार नाही, घरीही कळवणार नाही." कुणी हललं नाही. तेव्हा काकूंचा आवाज एकदम खाली आला. "बरं. माझ्यासमोर नको ना? मी जाते. मग बोला." आणि त्यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"हं, सांगा," मॅडम म्हणाल्या.

वकिलीनं दाराकडे बोट केलं आणि ओठांवर ठेवलं. "बाहेर उभ्या आहेत," ती पुटपुटली. मुली दाराला कान असल्यासारख्या दाराकडे बघत राहिल्या. आवडतो म्हणणारी ती पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा.

माझं डोकं फिरलं. मी उठले, तरातरा गेले आणि दार सताड उघडलं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. जिन्यावरही नव्हतं. खिडकीतून दिसलं, काकू मैदान ओलांडून होस्टेलकडे चालल्या होत्या, एकट्या, पदरानं डोळे पुसत.

"या, बघा! गेल्यात त्या!" मी ओरडले. "आता तरी बोला! ए वकील, बोल ना तू!"

वकिलीनं माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला ठाऊक होती, पण ती आजवर दुसऱ्यांसाठी असायची.

"तुला काय," ती हळूच म्हणाली. "तुझं नाव गेलं कंपनीला. आणि पुस्तकाचं काकूंना कुणी सांगितलं? आमच्यापैकी तर कुणी नाही सांगितलं."

"अगं, त्यांना डोळे नाहीत का?"

मी एकेकीकडे पाहिलं, आणि एकेकीनं मान वळवली. मग मॅडमनी लॅपटॉप मिटला.

मशीन दुसऱ्या दिवशी मुलांच्या होस्टेलला गेली. वकील अजून माझ्याच खोलीत राहते, जेवायला वेळेवर हाकही मारते. फक्त प्रॅक्टिकलला शेजारी बसली की पासवर्ड टाकताना डाव्या हातानं कीबोर्ड झाकते. तो पासवर्ड तिला मीच मिळवून दिला होता.